तात्या गवाऱ्यांची उसातली बाई

तात्या गवारे पडद्याकडे कधी बघत नसत. उभी हयात सिनेमाच्या धंद्यात गेली, पुढे दिग्दर्शक म्हणून पाटीवर नावही आलं, पण स्वतःच्या बोलपटाच्या पहिल्या खेळालासुद्धा हा माणूस थिएटरात अगदी मागे, भिंतीला टेकून उभा होता आणि बसलेल्या लोकांच्या पाठी न्याहाळत होता. मी त्यांच्या शेजारी होतो. मी पडद्यावर डोळे लावलेत हे पाहून त्यांनी मला कोपराने ढोसलं.

"तिकडं काय बगताय कानवाले? तितलं आपल्याला म्हाईत हाय. पाठी बगा. तोंड खोटं बोलतं, पाठ न्हाय बोलत. भ्याला की खांदं वर चढत्यात. हसला की पाठ हालती. कट्टाळला की पाठीला खाज सुटती."

कानवाले म्हणजे मी. पुण्याच्या एका बोलपट कंपनीत मी ध्वनिमुद्रणाच्या खात्यात होतो. कंपनीचं नाव घेत नाही. ती आता बुडाली आहे आणि बुडाली ते बरं झालं, एवढंच म्हणतो.

तात्या मूळचे बारामतीजवळच्या कोऱ्हाळे बुद्रुकचे. घरी कालव्याचं पाणी, ऊस आणि गुऱ्हाळ. पण तरुणपणी जत्रेत फिरत्या तंबूतला सिनेमा पाहिला आणि गडी त्या तंबूबरोबरच निघून गेला. मग कित्येक वर्षं बारामती, इंदापूर, अकलूज, फलटण अशा बाजारांतून आणि जत्रांतून बैलगाडीवर यंत्र लादून ते मुके चित्रपट दाखवत हिंडले. पाठी बघायची विद्या त्यांना तिथे लागली. यंत्र चालवणाऱ्याला पडद्यापेक्षा माणसं जवळ असतात.

तंबूतल्या आणखी दोन सवयी त्यांना जन्मभर चिकटल्या. एक म्हणजे समोर आलेल्या माणसाचा वास घेणं. फिल्म भसकन पेट घेते, म्हणून विडीवाल्याला ते यंत्राजवळ फिरकू देत नसत. पुढे पुण्याच्या कंपनीचे शेठजी भेटायला आले तरी तात्या आधी पुढे वाकून त्यांचा कोट हुंगत आणि मग नमस्कार करत. दुसरी सवय तळहाताची. एका पौराणिक चित्रपटात ऋषींच्या आश्रमामागून एक सायकलवाला आरामात जाताना दिसे. काढणाऱ्यांच्या ते लक्षातच आलेलं नव्हतं. तात्यांच्या आलं. तो क्षण जवळ आला की ते भिंगापुढे तळहात धरत, सायकलवाला अंधारात निघून जाई, आणि हात काढला की आश्रम पुन्हा शांत. तंबूच्या मालकाने एकदा विचारलं, हा काय चाळा? तात्या म्हणाले, "लोकं पाया पडत्यात तितं. त्यांच्या देवाच्या मागनं सायकल कशापायी?"

असा माणूस पुण्याच्या कंपनीत यंत्रं दुरुस्त करायला म्हणून आला आणि नटीला कांजिण्या झाल्यामुळे दिग्दर्शक झाला. एक मोठा पौराणिक बोलपट अर्धवट थांबला, माणसं रिकामी बसली, तेव्हा शेठजींनी सहज तात्यांना विचारलं, तुमच्याकडे काही गोष्ट आहे का? तात्या म्हणाले, हाय. नट नवशिके दिले तरी चालतील, नटी नकोच. शेठजींना हे फार आवडलं.

गोष्ट साधी होती, नाव 'उसातली बाई'. उसाच्या फडाशेजारचं एक घर. तिन्हीसांजेला फडातून कोणीतरी ऊस खात असल्याचा आवाज येतो. सकाळी बांधावर चघळून थुंकलेल्या ताज्या चोयट्या पडलेल्या असतात. घरातला एकेकजण बघायला म्हणून फडात शिरतो आणि बाहेर येतो तो गप्प होऊन येतो. त्या घराने एका बाईचं काय केलंय, ते हळूहळू आपल्याला कळत जातं. बाई मात्र दिसत नाही. शेवटी ऊस तुटतो, गुऱ्हाळ पेटतं, रान उघडं पडतं, लपायला जागा उरत नाही, घराला हायसं वाटतं. आणि उघड्या रानाच्या बांधावर ताज्या चोयट्या. खेळ खलास.

त्या खाण्याच्या आवाजाने माझा जीव काढला. मी पहिल्यांदा एका नटाला ऊस दिला. तो खाताना गोठ्यात बैल सोडल्यासारखं वाटे. दुसऱ्याने इतका अभिनय केला की ऊस बाजूलाच राहिला. शेवटी तात्यांनी आईला बोलावलं. आमची आवाजाची गाडी त्यांच्या कोऱ्हाळ्याच्या घराच्या परसात उभी होती. म्हातारीने पदर खोचला, कांडं घेतलं, दातांनी साल ओढली, तुकडा मोडला आणि सावकाश चावू लागली. मध्येच थांबे. जणू कोणी येतंय का बघतेय. मग पुन्हा चावी. माझ्या अंगावर काटा आला. आवाज भरून झाल्यावर ती म्हणाली, "आमची धाकली जाऊ आशीच खायाची. घाई न्हाय करायची ती."

तात्यांनी मला पुढचं तेव्हा सांगितलं, कालव्याच्या कडेने चालता चालता. ही जाऊ म्हणजे तात्यांची काकी. लहानपणीच विधवा झालेली. तात्या चार-पाच वर्षांचे असतील, त्यांना मांडीवर घेऊन ती उसाचे करवे भरवायची. एका संध्याकाळी घरात मोठ्यांची काही बोलाचाली झाली आणि ती ऊस मोडून आणते म्हणून फडात गेली, ती परत आली नाही. कोणी म्हणालं कालव्यात गेली, कोणी म्हणालं कोणाबरोबर गेली. घरात एवढंच म्हणायचे की उसात गेली. दरवर्षी सर्वपित्री अमावास्येला सगळ्या पितरांची पानं झाली की तात्यांची आई एक पान बांधावर नेऊन ठेवते आणि त्यावर सोललेल्या उसाचं एक कांडं ठेवते.

"तिचा फोटू न्हाय," तात्या म्हणाले. "मला तोंड आठवत न्हाय तिचं. लई आठवून बगितलं. निस्ता खाण्याचा आवाज येतो. म्हणून ती दिसायची न्हाय. दिसली की मेली."

हे वाक्य त्यांच्या तोंडी कायम असे. कंपनीत सगळे ते भयपटाचा मंत्र समजत. मला मात्र त्या दिवसापासून त्याचा अर्थ कळलेला होता.

चित्रपट चालला. गाजावाजा काही नव्हता, पण बारामतीच्या बाजारापासून सोलापुरापर्यंत तंबूंतून लोक पुन्हा पुन्हा बघायला येत. बायका उसाच्या रानाकडून एकट्या जाईनात. आणि चित्रपट चालला की कंपनीत काय होतं ते सांगायला नको. जी माणसं शूटिंगच्या वेळी झोपा काढत होती, त्या सगळ्यांना तो आपल्यामुळेच चालला असं वाटू लागलं.

यांतले अग्रणी म्हणजे मॅनेजर बेहेरे. बेहेरेसाहेबांच्या तोंडी सारखं 'पब्लिक' असायचं. पब्लिकला हे लागतं, पब्लिकला ते चालत नाही. या गृहस्थांनी आयुष्यात कधी पब्लिकमध्ये मांडी घालून सिनेमा पाहिला नव्हता. ते सोफ्यावर बसत, मध्यंतरानंतर डुलकी काढत आणि उठल्यावर मत देत. दुसरा भाग काढायचा असं ठरलं तेव्हा त्यांनी तात्यांना बोलावून घेतलं. मीही होतो. शेठजी अडकित्त्याने सुपारी कातरत होते.

"तात्या, चित्रपट उत्तम," बेहेरे म्हणाले. "फक्त एक तक्रार आहे. लोक विचारतात, बाई कुठे आहे?"

"मंग बरोबर हाय की," तात्या म्हणाले. "इचारायलाच पायजे त्यांनी."

"तसं नव्हे हो. नावात बाई आहे, चित्रात बाई नाही. ही फसवणूक वाटते. दुसऱ्या भागात हडळ दाखवायची."

"हडळ कुणाला म्हणताय? बाई म्हणा."

बेहेऱ्यांनी हे ऐकलंच नाही. त्यांच्याकडे सगळं तयार होतं. हडळीचं काम मिस रत्ना करणार होती. तिचा करार आधीच झालेला होता आणि प्रत्येक प्रवेशात तिचा चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे असं त्यात कलम होतं. म्हणजे हडळ भयंकरही दिसायला हवी आणि सुंदरही दिसायला हवी. भयंकरपणासाठी भुवयांखाली बारीक विजेचे दिवे बसवायचे आणि बॅटरी अंबाड्यात लपवायची. सुंदरपणासाठी पैठणी. शिवाय गाणी हवीत, त्यातलं एक हडळीचं. एक विनोदी वैद्य हवा. आणि शेवटी एका साधूच्या कृपेने हडळीला सद्गती मिळून ती आकाशात जाताना दिसावी. असला चिवडा कालवून त्यावर 'भयपट' अशी चिठ्ठी लावायला माणूस कोडगाच असावा लागतो. बेहेरे होते.

तात्यांनी तेव्हा एक चूक केली. भोळेपणाने केली. त्यांना वाटलं, खरं सांगितलं तर या माणसांना कळेल. त्यांनी काकीची सगळी गोष्ट सांगितली, बांधावरच्या पानासकट. सांगून झालं तेव्हा शेठजींचा अडकित्ता थांबला होता. मला क्षणभर वाटलं, जिंकलं.

"म्हणजे सत्यकथा," बेहेरे हळूच म्हणाले, आणि त्यांचे डोळे चमकले. "तात्या, हे आधी का नाही सांगितलंत? जाहिरातीत घालू. बाईंचा एखादा फोटो मिळेल का घरी?"

तात्या उठले आणि बाहेर जाऊन रिळांच्या पत्र्याच्या पेटीवर बसले. दिग्दर्शकाच्या खुर्चीत ते कधी बसतच नसत. कोटाच्या खिशातून गुळाचा खडा काढून त्यांनी तोंडात टाकला. चिडले की ते गूळ खात.

"काम सोडा तात्या," मी म्हणालो.

"मी सोडलं तर दुसरा कुणीतरी तिचं तोंड काढंल," ते म्हणाले. "मी तितं असलो तर निदान आड तरी उभा ऱ्हाईन."

तेवढ्यासाठी ते राहिले, आणि पुढच्या सगळ्या फजितीत त्यांना एवढीच एक गोष्ट राखायची होती.

भाद्रपदात आम्ही कोऱ्हाळ्याला मुक्काम टाकला. ऊस डोक्याच्या वर गेलेला होता. शंकरआबा नावाच्या शेतकऱ्याचा फड कंपनीने शूटिंगसाठी घेतला होता. पहिल्याच दिवशी बेहेरे फडापुढे उभे राहिले, डोळ्यांवर हात धरून आत बघितलं आणि नाराज झाले.

"यात रत्नाबाई कशा दिसणार? फार दाट आहे."

"ऊस हाय त्यो. दाटच आसतो," शंकरआबा म्हणाला.

बेहेऱ्यांनी माणसं लावून उसात रस्ते पाडले. कॅमेऱ्याला एक, उजेडाच्या चंदेरी फळ्यांना एक, साधूच्या आगमनाला एक. तेवढ्यानेही भागेना, म्हणून मधलाच एक चौक मोकळा केला. कोवळा ऊस शंकरआबाची जनावरं आनंदाने खात होती. तात्या बांधावर पेटीवर बसून बघत होते. आठवडाभरात ज्या फडात शिरायला माणूस दचकावा, तिथे लग्नाचा मांडव घालण्याइतकी जागा झाली.

मग पाण्याची पाळी आली. नीरेच्या कालव्याचं पाणी ठरलेल्या पाळीने मिळतं. ज्याची पाळी त्याने ते घ्यायचं, चुकली की पुढच्या पाळीपर्यंत हात चोळत बसायचं. हे तिथल्या पोरासोरांना ठाऊक असतं. बेहेऱ्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी कोणाला विचारलं नव्हतं. मिस रत्ना पैठणी नेसून, अंबाड्यात बॅटरी आणि भुवयांखाली दिवे घेऊन उभी होती. गाण्याचं पहिलं कडवं चालू होतं. एवढ्यात पाटातून पाणी आलं आणि शांतपणे तिच्या पायांवरून सरीत पसरू लागलं.

"बंद करा ते पाणी," बेहेरे ओरडले.

शंकरआबा खांद्यावर फावडं घेऊन आला. "आज माजी पाळी हाय साहेब."

"अरे, पण शूटिंग चाललंय ना."

"तुमचं रोजच चालतंय की. पाणी रोज येत न्हाय."

"शेत आम्ही घेतलंय."

"श्यात घेतलंय. पाळी न्हाय घेतली," शंकरआबा म्हणाला आणि त्याने पाटाचं दुसरं दारं फोडलं.

घोट्याएवढ्या चिखलात हडळ उभी. तिला उचलायला चौघे धावले, त्यातले दोघे घसरले. गडबडीत बॅटरीची तार ओली झाली आणि मिस रत्नाचा एक डोळा विझला. दुसरा तसाच लुकलुकत राहिला. बांधावर बसलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी तात्यांकडे पाहिलं. ते त्या बायकांच्या पाठी बघत होते.

"बगा कानवाले," ते म्हणाले. "आख्खी पाठ हालतीया. दिसली की मेली."

रान वाळेपर्यंत थांबायचं तर दिवस जाणार. म्हणून बेहेऱ्यांनी तोडलेला ऊस आणवून कोरड्या जागी जमिनीत रोवला. सकाळी फड दिसला खरा. दुपारपर्यंत सगळ्या पानांनी माना टाकल्या. बेहेऱ्यांनी त्यावर पाणी शिंपडून घेतलं. तोडून रोवलेला ऊस पाणी शिंपडून ताजा होईल असं वाटणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि त्यानंतरही पाहिला नाही. वाऱ्यावर त्या उसाचा आवाजसुद्धा वाळक्या कागदासारखा येत होता. मी तसं सांगितलं. बेहेरे म्हणाले, वर संगीत टाकू.

रोज दौंडहून येणाऱ्या छोट्या आगगाडीने पुण्याचं नवं फर्मान येई. वैद्याला अजून एक प्रवेश वाढवा. साधूचं काम शेठजींच्या मेहुण्यांना द्या. हडळीला एक पोर दाखवा, म्हणजे बायका रडतील. तात्या प्रत्येक वेळी मान हलवत, पेटीवर बसत, आणि मिस रत्नाला कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी करत. चेहऱ्याचं काम ते रोज उद्यावर ढकलत होते. कधी उजेड पुरेसा नाही, कधी दिवे नीट बसले नाहीत. ढकलता ढकलता भाद्रपद सरेल आणि शेठजी वैतागून आहे तेवढ्यावर चित्रपट जोडायला सांगतील, एवढीच त्यांची आशा होती.

मिस रत्नाबद्दल मात्र मी वाईट बोलणार नाही. एका दुपारी ती आपण होऊन तात्यांपाशी आली. "तात्या, मी शेवटपर्यंत पाठमोरीच राहिले तर?" ती म्हणाली. "मला ते दिवे लावून आरशात बघितलं की माझंच हसू येतं." तात्यांनी तिला खिशातला गूळ दिला. कंपनीतल्या कोणाला त्यांनी गूळ दिल्याचं मी तेवढंच एकदा पाहिलं. बेहेऱ्यांच्या कानावर ते गेलं तेव्हा त्यांनी तिला कराराची आठवण करून दिली.

ऊस संपला तेव्हा बेहेऱ्यांनी मुक्काम इंदापूर तालुक्यात हलवला. पळसदेवला भीमेच्या काठी जुनं दगडी देऊळ आहे. ते त्यांना फार चित्रमय वाटलं. उसातली बाई आता देवळात प्रकट होणार होती. देवळाच्या गुरवाने विचारलं, खेळ कशाचा? बेहेऱ्यांनी सांगितलं, हडळीचा.

"हडळ देवळात शिरत न्हाय साहेब," गुरव म्हणाला. "तिला बी कळतं."

शेवटी ओवरीच्या बाहेर, पायऱ्यांवर काम करायचं ठरलं. आणि मध्ये सर्वपित्री आली. तात्यांची आई थकली होती, बांधापर्यंत एकटी जाऊ शकत नव्हती. तात्यांनी बेहेऱ्यांना सांगितलं, मी सकाळच्या सर्व्हिस मोटारीने घरी जातो, पान ठेवून उद्या येतो, तोवर कामाला सुट्टी. बेहेरे म्हणाले, अवश्य जा, पितरांचं काम आहे. इतक्या गोड आवाजात ते कधी बोलत नसत. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मोटार दिसेनाशी झाली आणि बेहेऱ्यांनी कॅमेरा लावायला सांगितला. मिस रत्नाला पायऱ्यांवर उभी केली. दिवे पेटले. चेहरा समोरून घेतला, बाजूने घेतला, अगदी जवळून घेतला. मला म्हणाले, आवाज लागत नाही, तो पहिल्या चित्रपटातला खाण्याचा वापरू. मिस रत्ना रडली, तर तेही घेतलं. संध्याकाळच्या आत रिळं माणसाबरोबर पुण्याला रवाना झाली होती. तात्या तिकडे आईला हाताला धरून बांधावर काकीचं पान ठेवत होते, त्याच वेळी इकडे तिला तोंड मिळालं. त्या बेहेऱ्याचा मला आजही इतका संताप आहे, की त्याचं वय झालं असेल, तो थकला असेल, असले विचारसुद्धा मी मनात येऊ देत नाही.

दुसऱ्या दिवशी तात्या आले. सांगायचं काम माझ्यावरच आलं. ते ऐकून घेऊन त्यांनी एवढंच विचारलं.

"रिळं कुटं हायेत?"

"पुण्याला गेली."

ते तसेच पुण्याला गेले. शेठजी म्हणाले, तात्या, चेहरा फार छान आलाय, तुम्ही उगाच भीत होता. तात्यांनी माझं नाव काढा म्हणून सांगितलं. जाहिराती छापून झाल्या होत्या. तात्यांचं नाव पहिल्या चित्रपटापेक्षा मोठ्या अक्षरांत होतं. त्याखाली लिहिलं होतं, दिग्दर्शकाच्या घराण्यात घडलेली सत्यकथा. आणि वर तो चेहरा, लाल डोळ्यांचा.

जाहिरात बारामतीच्या बाजारात लागली तेव्हा मी कोऱ्हाळ्यात होतो. कंपनी सोडली होती आणि तात्यांच्या घरी भेटायला गेलो होतो. गावातल्या कोणीतरी एक जाहिरात सोलून कोऱ्हाळ्याला आणली. म्हातारीने ती उजेडाकडे धरली.

"ही कोण?"

मग आणणाऱ्यानेच सांगितलं, "आक्का, ही तुमची जाऊ म्हनं. आसं लिवलंय हितं."

म्हातारीने तो कागद खाली ठेवला. "माजी जाऊ नाकीडोळी नीट व्हती," ती म्हणाली. "मी एकलीच हाय आता तिला बगितल्याली. मी गेल्यावर कुणी इचारलं तर लोकं ह्येच तोंड दावतील."

तात्या तिथून उठून परसात गेले. त्यांनी त्या दिवशी गूळ खाल्ला नाही.

चित्रपट पुण्या-मुंबईत आपटला. लोक हडळीला हसले, वैद्याला हसले नाहीत, आणि साधू आला तेव्हा उठून गेले. बेहेऱ्यांनी निष्कर्ष काढला की पब्लिकला आता भयपट नकोत. कंपनीने पुन्हा पौराणिक धरलं. तात्या कंपनीत परत गेले नाहीत. ते जुन्या तंबूत यंत्र चालवायला लागल्याचं कानावर आलं.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी मी एका लग्नासाठी इंदापूरला गेलो होतो. बाजाराचा दिवस होता. मैदानात तंबू दिसला आणि बाहेर लाल डोळ्यांची तीच जाहिरात. पुण्या-मुंबईत पडलेली चित्रं शेवटी तंबूत येतात. मी दिवेलागणीच्या खेळाला आत शिरलो. यंत्रापाशी तात्या उभे होते. आत शिरणाऱ्याचा कोट हुंगत होते. माझाही हुंगला, ओळखलं, आणि आत जा म्हणून मान हलवली.

तंबू भरलेला होता. गुऱ्हाळांचा हंगाम संपत आला होता, बाजारात उसाच्या मोळ्या आल्या होत्या, आणि इंदापूर-बारामतीकडचा माणूस सिनेमाला ऊस घेऊनच बसतो. सगळीकडून कडाकडा चावल्याचा आवाज येत होता, पायाखाली चोयट्यांचा थर. पडद्यावर वैद्य आला, गाणी झाली, चिखलात हडळ पाठमोरी उभी राहिली. लोक खात होते, बोलत होते, पोरं पळत होती. मग देवळाच्या पायऱ्या आल्या, ती वळू लागली, आणि पडदा काळा झाला.

मी मागे पाहिलं. तात्यांनी भिंगापुढे तळहात धरला होता. उजेडाने बोटांच्या कडा लाल झाल्या होत्या.

"ओ ऑपरेटर, दिसंना की," कोणीतरी ओरडलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. तात्यांनी हात काढला नाही. पडद्यामागच्या कर्ण्यातून खाण्याचा आवाज मात्र येतच होता, कोऱ्हाळ्याच्या परसात मी भरून घेतलेला. सावकाश चावणं. मध्येच थांबणं. पुन्हा चावणं. शिट्ट्या थांबल्या. कुठल्यातरी बाईने पोराला ओढून कुशीत घेतलं. माझ्यापुढच्या रांगेतले खांदे एकेक करून वर चढले.

तात्या पाठी बघत होते. त्यांचे ओठ हलत होते, पण काय म्हणत होते ते मला ऐकू आलं नाही.

मग माझ्या लक्षात आलं की तंबूतल्या सगळ्यांचं ऊस खाणं थांबलं होतं. त्या काळोखात ती एकटीच खात होती.